कोरडी ठेव : नगर जिल्ह्यातील साठवणुकीचा इतिहास

तिजोरीतल्या ऐवजाला चोर आणि आग यांच्याइतकीच भीती ओलीची असते. चोर एखाद्याच वेळी येतो. ओल दर पावसाळ्यात येते आणि कुलूप न तोडता आत शिरते. दमट हवेत कागदाला बुरशी धरते, लोखंड गंजते, चांदी लवकर काळवंडते. तिजोऱ्या येण्याच्या फार आधीपासून माणसाचा सर्वांत मोलाचा ऐवज धान्य हा होता. ओल अडवण्याची विद्या त्याच्याच साठवणीतून घडली.

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा बहुतांशी पर्जन्यछायेतला जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडीकडे पाऊस कोसळतो, तर पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे तो जेमतेम पडतो. रब्बीची ज्वारी निघते तेव्हा पुढे कडक उन्हाचे महिने असतात, त्यामुळे वाळवण्याचे काम ऊनच करते. खरी कसोटी लागते ती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

या साठवणुकीची मुळे ताम्रपाषाण युगापर्यंत जातात. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे 1950-51 मध्ये उत्खनन झाले आणि त्या गावाचे नाव एका संपूर्ण संस्कृतीला मिळाले. याच जोर्वे संस्कृतीच्या इनामगाव (जि. पुणे) येथील वस्तीत घरांजवळ चुन्याने लिंपलेले धान्याचे खड्डे आणि कणग्या ठेवण्याचे गोल ओटे सापडले. साठवणुकीचे दोन मार्ग, जमिनीत पुरणे आणि जमिनीपासून उचलून ठेवणे, तीन हजार वर्षांपूर्वीच रूढ झाले होते.

पहिल्या मार्गाचे परिपक्व रूप म्हणजे पेव. पाणी न झिरपणारी, उंचावरची घट्ट जमीन निवडून तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा खणला जाई. तळाशी व कडेने कडबा आणि भुसा लावून खणखणीत वाळलेली ज्वारी ओतली जाई. मग तोंडावर दगड ठेवून ते मातीने लिंपून टाकत. बंद पेवात धान्य आणि त्यातले किडे श्वास घेतच राहतात. त्यामुळे आतला प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साठतो, कीड मरते आणि बुरशीची वाढ मंदावते. भिंतीलगतचा थर ओल शोषून खराब होई, पण तोच थर मधल्या धान्याचे रक्षण करी. हाच कर्बवायू माणसाच्याही जिवावर बेततो. म्हणून पेव उघडल्यावर ते बराच वेळ मोकळे ठेवत आणि आत दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. दाणा ओला असताना पेव भरले तर मात्र बंद तोंडच घातक ठरे, कारण आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नसे.

दुसऱ्या मार्गात कणगी आणि बळद येतात. तुरीच्या काड्या किंवा निरगुडीच्या फोका विणून, शेणमातीने लिंपून कणगी तयार होते. ती दगडांवर ठेवली की जमिनीची ओल दाण्यापर्यंत चढत नाही. बळद वाड्याच्या भिंतीलगत बांधलेले असे. वरून भरायचे आणि खालच्या भोकातून काढायचे. कडधान्याला राख चोळणे आणि धान्यात कडुनिंबाचा पाला घालणे हे किडीवरचे जोडउपाय होते.

कागदांची गोष्ट वेगळी होती. मोडी कागद सुती रुमालात बांधून दप्तरात ठेवत आणि कसर लागू नये म्हणून त्यात वेखंडाचे तुकडे घालत. रुमाल हवा पूर्णपणे अडवत नाही. कापूस आणि कागद दोघेही हवेतली ओल थोडी घेतात आणि थोडी सोडतात, त्यामुळे हवामानातला अचानक बदल आतल्या पानांवर हळूहळू पोहोचतो. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात अशा मोडी कागदपत्रांचा मोठा ठेवा जपलेला आहे.

लोखंडी तिजोरीने ऐवज पुन्हा बंद जागेत नेला. अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत 1897 मध्ये कुलुपांचा कारखाना काढला आणि 1902 पासून तिजोऱ्या बनवल्या. अग्निरोधक तिजोरीच्या दुहेरी पत्र्यांमध्ये जिप्सम, काँक्रीट यांसारखे भरण असते. आगीत त्यातले पाणी वाफ होऊन उष्णता शोषते आणि आतले कागद वाचतात. पण काही प्रकारच्या भरणातून हीच ओल एरवीही अगदी हळूहळू आत उतरते. दार घट्ट असल्याने ती साचते, आणि थंड रात्री पोलाद निवले की आतली सापेक्ष आर्द्रता आणखी चढते. आगीपासून वाचवणारा गुणच अशा प्रकारे ओलीला कारण होतो.

यावरचा आधुनिक उपाय म्हणजे सिलिका जेल. वॉल्टर पॅट्रिक यांनी त्याच्या निर्मितीचे पेटंट 1919 मध्ये अमेरिकेत मिळवले. असंख्य सूक्ष्म छिद्रांमुळे हे खडे आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतके पाणी धरू शकतात. रंग बदलणारे खडे ओल भरल्याची खूण देतात; मग ते सुमारे 120 अंश सेल्सिअसला तापवून पुन्हा वापरता येतात. मात्र दाराची फट बुजवलेली नसेल तर खडे बाहेरची हवाच वाळवत बसतात आणि लवकर भरतात.

प्रत्येक ऐवजाला मानवणारी हवा सारखी नसते. कागदपत्रांना 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता चालते, लोखंडाला त्याहून कोरडी हवा हवी, तर मोती आणि हस्तिदंत अतिकोरड्या हवेत तडकतात. म्हणून मोती आणि धातू वेगळ्या डब्यांत ठेवणे, कागद भिंतीला न टेकवता मऊ सुती कापडात बांधणे आणि पावसाळी दिवशी तिजोरी उगाच न उघडणे हे नियम पाळावे लागतात. खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे काढून, पुसून पुजण्याची प्रथा पावसाळा सरता सरता येते; चार महिन्यांत चढलेला गंज त्याच वेळी दिसतो आणि निघतो. तिजोरीतला ऐवज काढून तपासायला, सावलीत हवा द्यायला आणि पुन्हा कोरडा करून ठेवायला पावसाळ्यानंतरचे कोरडे दिवसच योग्य असतात.