शिसेबाधा आणि क जीवनसत्त्व

शिसे या जड धातूचा धूर व सूक्ष्म कण श्वासावाटे, किंवा हात, अन्न व पाणी यांच्याद्वारे, दीर्घकाळ शरीरात जाऊन रक्त, मज्जासंस्था, मूत्रपिंडे व अस्थी यांना जो अपाय होतो, त्यास शिसेबाधा म्हणतात. क जीवनसत्त्व, म्हणजेच ॲस्कॉर्बिक अम्ल, या अपायाची तीव्रता कितपत कमी करू शकते, हा आहारशास्त्र व औद्योगिक वैद्यक या दोहोंच्या कक्षेत येणारा प्रश्न असून बेळगाव–निपाणी सीमाभागाच्या दृष्टीने तो विशेष जिव्हाळ्याचा आहे.

सीमाभागातील स्थिती : निपाणीपासून जवळच असलेले कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे विख्यात केंद्र होय. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने निपाणी व कोल्हापूर यांच्यामधून राज्याची हद्द गेली, तरी व्यापार, सोयरीक व कारागिरी यांचे संबंध पूर्वीप्रमाणेच राहिले. मोडीची चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत ती शिशाबरोबर वितळवून तीवर हवेचा झोत सोडतात; शिशाचे ऑक्साइड बनते, ते तांब्यासारखे हीण धातू आपल्यात घेऊन राखेच्या तळात मुरते, आणि चांदी निर्मळ होऊन वर राहते; परंतु त्याच वेळी उठणारा शिशाचा धूर कारागिराच्या फुप्फुसांत शिरतो. भट्टीचे हात न धुता तंबाखू मळणे, विडी ओढणे किंवा भाकरी खाणे, यांमुळे तोच धातू पोटातही जातो. बॅटरीच्या निर्मितीत व भंगार बॅटऱ्या फोडून शिसे गाळण्यात हाच धोका असतो. कराड व विजापूर येथील वैद्यकीय संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी कामगार (२००६) व चांदीचे कारागीर (२००७) यांच्याविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, या दोन्ही वर्गांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आणि हीम या रक्तद्रव्याच्या घडणीत बिघाड झालेला असल्याचे नमूद आहे.

विकारप्रक्रिया : शिसे प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटून बसते आणि हीमच्या घडणीस आवश्यक असलेल्या विकरांचे कार्य रोखते, त्यामुळे पांडुरोग संभवतो. पोटशूळ, बद्धकोष्ठ, हातापायांची दुर्बलता ही इतर लक्षणे होत. रक्तातील शिशाचा अर्धायुकाल सुमारे एक महिन्याचा असला, तरी अस्थींत साठलेले शिसे अनेक दशके तेथेच राहते आणि गर्भारपणी पुन्हा रक्तात उतरते. बालकांची आतडी प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक शिसे शोषतात व त्यांचा मेंदू घडणीच्या अवस्थेत असतो. म्हणून घरातच भट्टी असणाऱ्या कुटुंबांत सर्वाधिक चिंता मुलांचीच वाहिली पाहिजे.

क जीवनसत्त्वाचे कार्य : शिशामुळे पेशींत निर्माण होणाऱ्या उपद्रवी ऑक्सिजन-रूपांना हे जीवनसत्त्व निष्प्रभ करते. शिवाय भाजी-भाकरीतील लोहाचे शोषण ते वाढवते. आणि लोहाची उणीव असलेले आतडे शिसे अधिक प्रमाणात ओढून घेत असल्यामुळे, ही उणीव भरून निघणे हेही एक संरक्षणच ठरते.

प्रयोगांचा निष्कर्ष : १९३९ मध्ये अमेरिकेत होम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिशाच्या संपर्कातील कामगारांना रोज १०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिल्याने लाभ झाल्याचे प्रसिद्ध केले, १९४३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र तसा लाभ आढळला नाही. १९९९ मध्ये डॉसन व सहकाऱ्यांनी धूम्रपान करणाऱ्या ७५ पुरुषांवर केलेल्या प्रयोगात रोज १,००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या रक्तातील शिसे आठवड्यात सुमारे ८१ टक्क्यांनी घटले, तर २०० मिलिग्रॅमचा काहीच परिणाम झाला नाही. हे लोक शिशाच्या कामातले नव्हते, ही गोष्ट ध्यानी धरावी. आपल्या मुलखास सर्वांत लागू पडणारा पुरावा पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी कामगारांवर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा आहे : महिनाभर क जीवनसत्त्व दिल्यावर पेशींची ऑक्सिडीकरणजन्य हानी उणावली, परंतु रक्तातील शिसे घटले नाही. तात्पर्य, जोवर धूर चालू आहे तोवर हे जीवनसत्त्व हानी सौम्य करते, विष काढून टाकत नाही.

आहार : आवळा, पेरू, शेवग्याचा पाला व लिंबू हे सीमाभागात सुलभ असे स्रोत आहेत, १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये शिफारस केलेले दैनिक प्रमाण पुरुषांस ८० व स्त्रियांस ६५ मिलिग्रॅम आहे. शिजवण्याने हे जीवनसत्त्व बऱ्याच अंशी नष्ट होते, म्हणून लिंबू पानात वरून पिळावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात त्याची पातळी कमी राहते. निपाणीसारख्या तंबाखूच्या बाजारपेठेत ही बाब उपेक्षणीय नव्हे. रोज दोन ग्रॅमपेक्षा अधिक मात्रा घेतल्यास पोटाचे विकार होतात व मुतखड्याचा संभव वाढतो.

प्रतिबंध व इलाज : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून संपर्क थांबवावा, बालकांत ४५ मायक्रोग्रॅम वा अधिक असल्यास धातुबंधक औषधांचा उपचार करावा. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत शिसेबाधेचा समावेश करून तिची वर्दी देणे वैद्यावर बंधनकारक केले गेले. तथापि घरगुती भट्ट्या बहुधा अशा देखरेखीबाहेर राहतात. म्हणून धूर बाहेर नेणारी नळी, राहत्या घरापासून वेगळी भट्टी, कामाचे कपडे घरात न आणणे, जेवणापूर्वी साबणाने हात धुणे आणि मुलांची रक्ततपासणी यांची तजवीज प्रथम व्हावी. लिंबू, पेरू व आवळा यांचे स्थान महत्त्वाचे खरे, पण या बंदोबस्तानंतरचे आहे.