मूल अतिचंचल आहे, हे आले कुणाकडून?

मुलाला अतिचंचलता म्हणजेच एडीएचडी आहे असे कळले, की घरात पहिला प्रश्न हाच निघतो आणि बहुतेक वेळा बोट आईकडे जाते.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार, मुलामुलांत या लक्षणांचा जो फरक दिसतो त्यातला सुमारे ७४ टक्के आनुवंशिक असतो. याचा अर्थ पुढच्या मुलाला ७४ टक्के धोका, असा नाही. २०२३ मध्ये ३८,६९१ रुग्णांच्या अभ्यासात एडीएचडीशी संबंधित २७ जनुकीय जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम किरकोळ, आणि त्या आई-वडील दोघांकडूनही येतात. शिवाय तपासलेले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते.

म्हणून रक्त तपासून एडीएचडीचे निदान होत नाही. त्यासाठी महागडी जनुकीय चाचणी करू नका. (बौद्धिक वाढही मागे असेल तर डॉक्टर अशी चाचणी सुचवतात, तिचे कारण वेगळे.) निदान वागणुकीवरून होते: लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिने टिकलेली, घरी आणि शाळेतही दिसणारी.

भूम, वाशी, कळंबकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी एक लक्षात घ्यावे. चार-पाच महिने शाळा बुडालेले मूल वर्गात चुळबुळ करणारच. तेवढ्यावरून एडीएचडी ठरत नाही. मात्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची वार्षिक शाळा तपासणी चुकली असेल, तर परतल्यावर शिक्षकांचे निरीक्षण लिहून घेऊन धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. टेली-मानसचा मोफत क्रमांक १४४१६.