मंडुरापासून हेप्सिडिनपर्यंत

भंडारा जिल्ह्यातील वरठी हे गाव भंडारा रोड रेल्वेस्थानकामुळे आणि सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे ओळखले जाते. परंतु पूर्व विदर्भाच्या लोहेतिहासाचा एक भाग माणसांच्या रक्तात आहे आणि त्याची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

पांडुरोगावर मंडूर, म्हणजे लोखंड गाळताना सुटणारे कीट, शुद्ध करून देण्याची प्रथा चरकसंहितेइतकी जुनी असून रसग्रंथांनी शंभर वर्षांचे मंडूर उत्तम मानले. उपाय ठाऊक होता, तरी पोटात गेलेल्या लोहाचे पुढे काय होते हे विसाव्या शतकातच उलगडले. १९३७ साली मॅकन्स आणि विडोसन यांनी जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे जवळपास नाहीच, असे दाखवले. त्याच वर्षी लाउफबर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन वेगळे केले. रक्तातून लोह वाहणारे प्रथिन म्हणजे ट्रान्सफेरिन; ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटून आत ओढले जाते आणि तेथील आम्लतेत लोह सोडून रिकामे परतते. पेशीतून लोह बाहेर जाण्याचे द्वार, फेरोपोर्टिन, २००० साली सापडले, आणि यकृतातील हेप्सिडिन हे संप्रेरक ते द्वार बंद करते हेही त्यानंतर लवकरच कळले. म्हणजे शरीराचा सारा ताबा लोहाच्या प्रवेशावर आहे: आतड्यातून रोज एक-दोन मिलिग्रॅमच घेतले जाते, तर जुन्या तांबड्या पेशी मोडून सुमारे वीस-पंचवीस मिलिग्रॅम पुन्हा वापरात येते.

या हिशेबाचे गांभीर्य विदर्भात विशेष आहे. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. या आनुवंशिक आजारात तांबडी पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांतच फुटते. तिच्यातील लोह शरीरातच राहते, म्हणून रुग्ण फिकट दिसला तरी लोह कमी असेलच असे नाही. त्यातच रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमहून अधिक लोह येते, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या यकृतात ते साचत जाते. उलट काही सिकलसेल रुग्णांत लोहाची खरी कमतरताही असते, त्यामुळे लोहाची गोळी सरसकट नाकारणेही चूकच ठरते.

१९७० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुरोग प्रतिबंधक कार्यक्रमाने लोहाची गोळी गावोगावी नेली, ही मोठी गोष्ट होय. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात फिकट दिसणाऱ्या प्रत्येक मुलाची सिकलसेल चाचणी आणि सिकलसेल आढळल्यास फेरिटिनची तपासणी झाल्यावरच लोहाच्या दीर्घ उपचाराचा निर्णय व्हायला हवा.