वळिवड्याची पोलिश शाळा

दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला येऊन राहिलेल्या पोलंडवाल्या निर्वासितांचा विषय निघाला की आमच्या कोल्हापुरात कुणीतरी ठोकून देतोच, ‘राजाराम महाराजांनी थारा दिला.’ भावना चांगली. पण महाराज 1940 सालीच गेले आणि त्या निर्वासितांची छावणी उभी राहिली 1943 मध्ये. तेव्हा गादीवर अल्पवयीन वारस होता. जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला पोलिश पोरक्या मुलांना जवळ केलं, ती हकिकतही लोक बिनदिक्कत इथल्या हकिकतीत मिसळतात. वळिवड्याची जागा कोल्हापूर संस्थानातली, देखरेख हिंदुस्थान सरकारची आणि खर्च लंडनमध्ये बसलेल्या परागंदा पोलिश सरकारचा. शाळा मात्र त्या लोकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवली. माझा जन्म खडू-फळ्यात गेला, त्यामुळे मला त्या शाळेचंच जास्त अप्रूप.

ही माणसं आली कुठून? 1939 मध्ये हिटलर आणि स्टालिननं पोलंड वाटून घेतला. पूर्व भागातली कुटुंबंच्या कुटुंबं 1940-41 मध्ये रात्री-अपरात्री उठवून, मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेली गेली. पुढे हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिननं त्यांना सोडलं. जनरल आंदेर्स यांनी उभारलेल्या फौजेच्या मागोमाग बायका-पोरं 1942 साली कॅस्पियन ओलांडून इराणात पोचली. तिथून टप्प्याटप्प्यानं कोल्हापूर. वळिवड्यात जवळजवळ पाच हजार जण राहिले. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. कर्ते पुरुष फौजेत. पुढे त्यांतले कितीतरी इटलीत माँटे कॅसिनोला लढले.

अशा मुलांचा वर्ग घ्यायचा म्हणजे काय, ते शिकवणाऱ्यालाच कळेल. अक्षर गिरवायच्या वयात पोरांनी उपास काढलेले, लाकडं वाहिलेली. कुणाचा भाऊ वाटेत गेलेला, कुणाची आई. तेरा वर्षांचा घोडा आणि आठ वर्षांचं पोर, दोघांची इयत्ता एकच. तरी छावणीत प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांच्यावर जिम्नॅशियम आणि लिसेयम, म्हणजे आपल्या हायस्कूल-कॉलेजच्या मधलं शिक्षण. जोडीला हस्तव्यवसाय, स्काउट, नाटकं, चर्च. शिकवायचे ते छावणीतलेच लोक. माध्यम पोलिश, कारण युद्ध संपलं की घरी जायचंच, असं सगळेच धरून चालले होते. छातीच्या विकारानं खंगलेल्यांना पाचगणीला हवापालटासाठी पाठवत.

त्या घरी जाण्याचाच घोळ झाला. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाला तीन बड्यांनी बसून पोलंडची सरहद्द पश्चिमेकडं सरकवली. यातली बरीचशी कुटुंबं ज्या पट्ट्यातली, तो रशियाकडं गेला. ल्वूफसारखं शहरसुद्धा गेलं. भूगोलाच्या बाईंनी जुना नकाशा भिंतीवर ठेवला असेल की उतरवला असेल? मी असतो तर ठेवला असता. परीक्षेत काय विचारायचं हा प्रश्न मात्र मलाही सुटला नसता. जुलैमध्ये इंग्लंडनं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली, म्हणजे खर्च उचलणारा धनीही गेला. मग उन्रा ही संयुक्त राष्ट्रांची मदतसंस्था, तिच्यानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना, अशी छावणी या हातातून त्या हातात गेली. आज संकटातल्या मुलांच्या शिक्षणासाठी ज्या युनिसेफकडं आपण बोट दाखवतो, ती स्थापन झाली डिसेंबर 1946 मध्ये; तोवर वळिवड्याच्या छावणीला तीन वर्षं उलटून गेली होती. त्याच वर्षी बालाचडीची छावणी बंद झाली आणि तिथली मुलंही इथल्या वर्गांत येऊन बसली.

1947-48 मध्ये माणसं पांगली. पोलंडला परतले थोडे. ज्यांचे बाप-भाऊ फौजेत होते ते इंग्लंडला, बाकीचे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, जिथं दार उघडलं तिथं. छावणीत वाढलेली ही मंडळी म्हातारपणी आपल्याकडं येत राहिली. महावीर गार्डनमधला स्मृतिस्तंभ त्यांच्यासाठी आहे, आणि वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. त्यांनी दुकानं थाटली आणि छावणीचं गांधीनगर झालं. लग्नाचा बस्ता बांधायला आख्खा जिल्हा तिथं जातो. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर अजून वळिवडेच आहे.