सुलतान खान-कापाब्लांका डाव (हेस्टिंग्ज, १९३०-३१) : प्रारंभीच्या चालींचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना
हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेत पंजाबातील मीर सुलतान खान यांनी माजी विश्वविजेते होसे राऊल कापाब्लांका यांचा पराभव केला. सुलतान खान हे उपजत प्रतिभेचे, परंतु डावाच्या प्रारंभाच्या शास्त्रात कच्चे खेळाडू होते, असे मत रूढ आहे. प्रस्तुत लेखात या डावाच्या आधारे त्या मताचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी
सुलतान खान यांचे शिक्षण भारतीय पद्धतीच्या बुद्धिबळात झाले. त्यात प्याद्यास पहिल्याच चालीत दोन घरे जाण्याची मुभा सामान्यतः नसे. त्यामुळे डावाची मांडणी संथ होई. १९२९ मध्ये आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्यासमवेत ते लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३२ व १९३३ मध्येही ते विजेते ठरले.

डावाचा प्रारंभ
कापाब्लांका यांनी काळ्या मोहऱ्यांनी क्वीन्स इंडियन डिफेन्स स्वीकारला. वजिराच्या बाजूचा उंट लांब तिरप्या रेषेवर आणून मध्यावर दुरून दाब ठेवणे, हे या बचावाचे सूत्र होय. पाचव्या चालीत सुलतान खान यांनी वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादे केवळ एक घर पुढे सरकवले. वरकरणी ही चाल निरुपद्रवी भासते. तथापि, तिच्यामुळे काळ्याच्या दुसऱ्या उंटाला पुढे येऊन पांढऱ्याचा घोडा जखडता येत नाही आणि मध्यावरील पांढऱ्याची पकड टिकते. साठाहून अधिक चालींनंतर पांढऱ्याचा विजय झाला.

पुढे तिग्रान पेत्रोस्यान यांनी या योजनेचा पुरस्कार केला व ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १९८० च्या दशकात गॅरी कास्पारोव्ह यांनीही तिचा प्रभावी वापर केला.

निष्कर्ष
एका डावावरून सुलतान खान यांचे प्रारंभाचे ज्ञान सखोल होते, असे सिद्ध होत नाही. परंतु त्यांच्या यशाचे श्रेय केवळ उपजत प्रतिभेला दिल्यास त्यामागील विचार दुर्लक्षित राहतो. १९३३ अखेर ते भारतात परतले व १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला, तो २०२४ मध्ये. गौरवाला झालेल्या या विलंबाइतकाच त्यांच्या चालींच्या अभ्यासाला झालेला विलंबही इतिहासकाराने लक्षात घ्यावयास हवा.