पाऊण तासाचा उंडा

गेल्या वैशाखात आमची नात सुट्टीला आली होती. एका रविवारी चार वाजता ती म्हणाली, "आजोबा, सहा वाजता पिझ्झा खाणार ना?" मला वाटले, बाहेरून मागवणार असेल. पण तिने परात काढली. चारशे ग्रॅम मैदा, सात ग्रॅम यीस्टचे एक पाकीट, चमचाभर साखर, मीठ, थोडे तेल आणि अडीचशे मिलिलिटर कोमट पाणी. दहा मिनिटे तिने तो गोळा आपटून-धोपटून मळला आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला. पाऊण तासाने फडके काढले तेव्हा उंडा दुप्पट झाला होता. सहाला दहा मिनिटे कमी असताना माझ्या पुढ्यात ताट आले.

पिझ्झा चांगलाच झाला होता. पण खाताना माझे लक्ष त्याच्यावरच्या चीजकडे नव्हते. आमच्या लहानपणी आंबोळीचे पीठ रात्रभर आंबायचे आणि पाव तर आमच्या घरात शिरतच नसे. मग पाऊण तासात ही करामत करणारे हे पाकीट आले कुठून? त्यानंतरचे दोन-तीन महिने मी याच शोधात घालवले. निवृत्त माणसाला असले उद्योग शोभतात.

आमचे घर वेंगुर्ल्याचे. बाजारातल्या बेकरीचा पाव अर्ध्या गावात खपे. आमच्या आजीने मात्र त्याला उंबरठ्याबाहेर ठेवले होते. "माडीचो पाव माज्या घरात नको," एवढेच तिचे म्हणणे. ते निराधार नव्हते. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा त्यांना रोजच्या जेवणाला आणि प्रभुभोजनाला गव्हाचा पाव हवा होता, पण कणीक फुगवायला खमीर मिळेना. मग माडाची ताजी माडी, गोव्यात जिला सूर म्हणतात ती, पिठात घालण्याची युक्ती निघाली. माडी उतरवल्यापासून काही तासांतच फसफसू लागते. तोच फेस कणकेत काम करतो. गोव्याच्या पोदेरांनी पिढ्यान्‌पिढ्या असा पाव भाजला. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच. ज्याच्या पोटात माडी, तो पाव खाऊन माणूस बाटतो, ही समजूत आपल्या किनाऱ्यावर घट्ट बसली आणि विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या गेल्या.

मी आजीला मनातल्या मनात अडाणी ठरवून मोकळा झालो होतो. पुस्तके चाळू लागलो तेव्हा कळले की तिच्या बाजूला पॅरिसचे वैद्यही उभे होते! सतराव्या शतकात तिथले काही पाववाले मऊ, दुधाळ पावासाठी बिअरचा फेस वापरू लागले. पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो की गॉल आणि स्पेनमधले लोक मद्याच्या फेसाने कणीक फुगवतात आणि म्हणून त्यांचा पाव हलका होतो. म्हणजे युक्ती जुनीच. तरीही पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने १६६८ साली हा फेस आरोग्याला घातक ठरवला. वाद न्यायालयात गेला आणि १६७० साली तिथल्या पार्लमेंटने ताज्या फेसाला परवानगी दिली. लोकांना मऊ पाव आवडला होता. तिथे वैद्यांचे काय चालणार?

हा फेस म्हणजे नेमके काय, हे मात्र वैद्यांना ठाऊक नव्हते आणि पाववाल्यांनाही. १६८० साली हॉलंडच्या लेव्हेनहुकने आपल्या भिंगाखाली बिअरच्या थेंबातले बारीक गोल कण पाहिले. ते जिवंत असतील अशी शंका त्यालाही आली नाही. १८३७ च्या सुमारास फ्रान्समधल्या काञ्यार-लातूरने आणि जर्मनीतल्या श्वानने, एकमेकांवर न विसंबता, हे कण सजीव असल्याचे सांगितले. त्यावर लीबिग आणि व्होलर या दोन मातब्बर रसायनशास्त्रज्ञांनी १८३९ साली आपल्या नियतकालिकात एक टवाळखोर लेख छापला. त्यात यीस्टचे कण म्हणजे भट्टीच्या आकाराचे इवलेसे प्राणी. ते साखर खातात, एका वाटेने मद्यार्क टाकतात आणि दुसऱ्या वाटेने वायू सोडतात! गंमत अशी की थट्टेच्या भरात ते जे लिहून गेले, तेच जवळजवळ खरे होते. पुढे १८५७ पासून पाश्चरने एकेक प्रयोग मांडून ते सिद्ध केले. कणकेतल्या पिष्टापासून साखर होते, किण्व ती साखर खाते, कर्बवायू सुटतो आणि मळलेल्या गव्हाच्या चिवट जाळ्यात तो अडकून बसतो. माडीतले मुख्य किण्व आणि नातीच्या पाकिटातले किण्व, दोन्हीचे शास्त्रीय नाव एकच आहे.

याच लीबिगच्या एका अमेरिकन शिष्याने, हॉर्सफर्डने, १८५६ साली किण्वावाचून पाव फुगवणाऱ्या भुकटीचे पेटंट घेतले. घाईच्या माणसाला ती सोयीची. पण तिने केलेला पिझ्झा मला एकदा खायला मिळाला आहे आणि त्याविषयी अधिक न लिहिलेले बरे.

खरी क्रांती व्हिएन्नात झाली, आणि तीही अडचणीतून. तिथले मद्यकार लागर जातीची बिअर गाळू लागले. तिचे किण्व वर फेसाळत नाही, तळाशी बसते. पाववाल्यांचा फेसच बंद झाला. मग १८४० नंतरच्या दशकात धान्याच्या आंबवणावरून किण्व काढून, धुऊन, दाबून त्याच्या वड्या पाडण्याची रीत तिथे रूढ झाली. मद्याच्या धंद्याला बांधलेले खमीर प्रथमच मोकळे झाले. ती विद्या फ्लाइशमन बंधूंनी अमेरिकेत नेली. १८६८ साली सिनसिनाटीत कारखाना काढला आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात व्हिएन्नाच्या धर्तीची बेकरी थाटून लोकांना ताजा पाव चाखवला. पण वडी आठ-पंधरा दिवसांत बिघडे आणि तिला गारवा लागे. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला शीतपेटीवाचून पाव हवा झाला, तेव्हा त्याच कंपनीने वाळवलेले दाणेदार किण्व तयार केले. त्यातल्या प्रत्येक दाण्यावर मेलेल्या पेशींचे कवच असते, म्हणून ते आधी कोमट पाण्यात भिजवावे लागते. १९७० नंतरच्या दशकात अधिक हळुवारपणे वाळवलेले, बारीक दाण्यांचे किण्व बाजारात आले. त्यात जिवंत पेशी जास्त. ते सरळ पिठात मिसळले तरी चालते. नातीचे पाकीट या घराण्यातले.

आता पिझ्झा. हा पदार्थ घरातला नव्हेच, हे मला उशिरा कळले. गाएता या इटालियन गावच्या ९९७ सालच्या लॅटिन कागदात हा शब्द येतो: नाताळला बारा आणि ईस्टरला बारा 'पिझ्झे' बिशपला देण्याचा करार. पण आज आपण ओळखतो तो पिझ्झा नेपल्सच्या गरिबांचा. ही माणसे रस्त्यालगतच्या एकेका खोलीत राहत. खोलीत भट्टी कुठली? पिझ्झा रस्त्यावर विकत घ्यायचा आणि तिथेच खायचा. तोही रोख देऊनच असे नाही. आज खा आणि आठ दिवसांनी पैसे दे, अशीही पद्धत होती. १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात फ्रेंच कादंबरीकार द्यूमा म्हणतो की पिझ्झ्याच्या भावावरून शहरातल्या बाजाराची नाडी कळते. मातिल्दे सेराओ या लेखिकेने १८८४ च्या आपल्या पुस्तकात एका उद्योगी नेपल्सवाल्याची हकीकत दिली आहे. त्याने रोममध्ये पिझ्झ्याचे दुकान काढले, आणि नवलाई ओसरताच ते बुडाले. त्यानंतर पाच वर्षांनी राणी मार्गेरिताच्या नावाचा पिझ्झा जन्मल्याची कथा सर्वांना पाठ आहे. तिच्या पुराव्याच्या पत्राविषयी अलीकडे संशोधकांनी शंका घेतल्या आहेत, तेव्हा ती इथे सोडून देतो.

नेपल्सची कणीक कालच्या कणकेने आंबवली जाई. तिला त्यांच्या बोलीत 'क्रिश्शितो' म्हणतात. आपल्याकडे कालच्या दह्याने आजचे दूध विरजावे तशी. पुढे वडीचे यीस्टही आले, पण घाई आली नाही. युरोपीय संघाने २०१० साली नेपल्सच्या पिझ्झ्याला संरक्षण दिले, तेव्हा कृती कायद्यातच लिहिली गेली: एक लिटर पाणी, सुमारे १.८ किलो पीठ, ५० ते ५५ ग्रॅम मीठ आणि ओले यीस्ट फक्त ३ ग्रॅम. उंडा पहिल्यांदा दोन तास आणि गोळे केल्यावर पुन्हा चार ते सहा तास विसावतो. मग ४८५ अंशांच्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंद.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वाळलेले यीस्ट ओल्याच्या साधारण तिप्पट जोरदार. म्हणजे नातीचे सात ग्रॅम हे ओल्या एकवीस ग्रॅमच्या बरोबरीचे, आणि पीठ अवघे चारशे ग्रॅम. नेपल्सच्या मानाने हे प्रमाण तीस पटींच्या घरात जाते! पाऊण तासाचे रहस्य हे होते. कुणी निसर्गाचा वेग वाढवलेला नाही. एका मजुराचे काम तीस मजुरांना दिले आहे. काम लवकर उरकते यात शंका नाही. पण चव ज्या आम्लांनी येते ती तयार होण्याआधीच उंडा ओव्हनमध्ये जातो. म्हणून साखर घाला, तेल घाला, वर चीज जास्त पेरा. घरच्या ओव्हनची मजल अडीचशे अंशांपर्यंत, तेव्हा तेल तसेही लागतेच. त्याला दोष देत नाही.

सोपेपणा आणि घाई या एकाच गोष्टी आहेत, असे आपण उगाच धरून चालतो. २००६ साली न्यूयॉर्कच्या जिम लेही या पाववाल्याची कृती तिथल्या वर्तमानपत्रात छापून आली: यीस्ट पाव चमचा, मळायचे मुळीच नाही, नुसते कालवून अठरा तास ठेवायचे. मळण्याने जे चिवट जाळे विणले जाते, ते ओल्या पिठात वेळ मिळाला की आपोआप विणले जाते. आमच्या आजीने आंबोळीचे पीठ कधी मळले नव्हते. त्या पिठात मुख्यतः दुग्धाम्लाचे जिवाणू असतात, पण रात्रीवर काम सोपवून निजायचे, ही रीत तीच.

एक गोष्ट सांगायची राहिली. १९५५ च्या पावसाळ्यात धाकट्या भावाला विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी ताप उतरला आणि डॉक्टरांनी दुधात पाव कुस्करून द्यायला सांगितले. आजी रात्रभर बोलली नाही. सकाळी ती स्वतः बेकरीत गेली, पाव पदरात झाकून आणला आणि पडवीत बसून जर्मनच्या थाळीत आपल्या हाताने कुस्करला. भाऊ बरा झाला. ती थाळी मात्र पुढे कधी स्वयंपाकघरात आली नाही; पडवीतल्या खुंटीला लटकत राहिली. आजी गेली तेव्हाही ती तिथेच होती.

श्रावणात नात पुन्हा आली, तेव्हा मी तिच्याकडून पाव चमचा यीस्ट मागून घेतले. तितकाच मैदा, मीठ आणि थंड पाणी रात्री कालवून पातेले झाकून ठेवले. आपल्या हवेत अठरा तास फार होतात. दहा तासांवर थांबलो. सकाळी नातीने झाकण उघडले आणि नाक मुरडले. "आजोबा, आंबूस वास येतोय. टाकून देऊ का?"

"थांब," मी म्हणालो आणि पातेले जवळ ओढले. वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरात पहाटे यायचा, तसाच वास होता.

पिझ्झा वेडावाकडा झाला आणि एका बाजूने करपला. दुपारी भावाला फोन लावला. त्याला थाळी आठवत होती, खुंटीसुद्धा आठवत होती. पाव काही आठवत नव्हता.