बापू ट्रस्ट ते 'सेहेर': मानसिक त्रास असलेल्या माणसाला वस्तीतच आधार देण्याचा पुण्यातला प्रयोग काय आहे?

समजा, पुण्यातल्या एखाद्या वस्तीत राहणारी एक बाई गेले दोन महिने घराबाहेर पडलेली नाही. धुण्याभांड्याची कामं सुटली आहेत. रात्री ती एकटीच बोलत बसते. शेजारी म्हणतात, "डोक्यावर परिणाम झालाय." नवरा वैतागलाय. कुणी सांगतं दर्ग्यात न्या, कुणी सांगतं येरवड्याला भरती करा.

या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. तो म्हणजे, तिला स्वतःला काय हवंय?

हाच प्रश्न मध्यभागी ठेवून पुण्यात गेली दोन दशकं एक काम सुरू आहे. ते सुरू करणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. मानसिक त्रास आणि मनोरुग्णालय या दोन्हींचा अनुभव तिने स्वतः आणि तिच्या घराने घेतला होता. तिचं नाव भार्गवी दावर.

दिव्यांग व्यक्तींनी स्वतः पुढे होऊन उभं केलेलं हे काम काय आहे, त्यामागचा विचार काय आणि कायदा काय सांगतो, ते समजून घेऊ.

भार्गवी दावर कोण होत्या?

भार्गवी दावर यांचं बालपण सर्वसाधारण नव्हतं. त्यांच्या आई बापू या अध्यात्माकडे ओढा असलेल्या होत्या. त्यांना मानसिक आजारी ठरवून संस्थांमध्ये ठेवण्यात आलं. भार्गवी यांनी लहानपणीच अशा संस्था आतून पाहिल्या. पुढे त्यांनी स्वतःही मानसिक त्रासाचा सामना केला आणि ते कधी लपवलं नाही.

त्यांनी आयआयटी मुंबईतून पीएचडी केली. भारतीय स्त्रिया आणि मानसिक आरोग्य या विषयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९९९ मध्ये आलं. स्त्रीच्या मनावर येणारा ताण हा फक्त मेंदूतला बिघाड नसतो. घर, गरिबी, हिंसा आणि कामाचा बोजा यांच्याशी तो जोडलेला असतो, अशी त्यांची मांडणी होती.

१९९९ मध्येच त्यांनी पुण्यात 'बापू ट्रस्ट' सुरू केला. संस्थेला आईचं नाव दिलं. मे २०२४ मध्ये भार्गवी यांचं निधन झालं.

'सेहेर' काय करतं?

सेहेर म्हणजे पहाट. पुण्यातल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये बापू ट्रस्ट चालवत असलेल्या कार्यक्रमाचं हे नाव आहे. नेहमीच्या पद्धतीत आजारी माणूस दवाखान्यात जातो, डॉक्टर निदान करतात आणि गोळ्या देतात. सेहेरमध्ये सुरुवात वस्तीतून होते.

कार्यकर्ते वस्तीत फिरतात, चौकात छोट्या बैठका घेतात, घरोघरी जातात. ज्याला त्रास होतोय त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलतात. समुपदेशन होतं, गट भरतात. चित्र, संगीत, हालचाल अशा कलांचा वापर करून मन मोकळं करण्याची संधी दिली जाते. ज्यांना बोलून सांगणं जमत नाही, त्यांना याचा विशेष उपयोग होतो.

पण काम तिथेच थांबत नाही. माणूस नीट जेवतोय का? झोपतोय का? रेशन मिळतंय का? घरात मारहाण होतेय का? प्रमाणपत्र किंवा सरकारी योजनेची कागदपत्रं अडलीत का? हे सगळे प्रश्न मानसिक आरोग्याचेच मानले जातात. पोटात अन्न नसताना फक्त गोळी घेऊन कुणाला बरं वाटेल, हा त्यामागचा साधा विचार.

दुसरा भाग शेजाऱ्यांचा. कोपऱ्यावरचा दुकानदार, समोरची काकू, बचत गटातली मैत्रीण यांनी त्या माणसाला हाक मारावी, चहाला बोलवावं, त्याचं लक्ष ठेवावं यासाठी प्रयत्न होतात. अशा आधाराच्या वर्तुळामुळे माणूस घरात कोंडला जात नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जबरदस्ती नाही. ज्या व्यक्तीला मदत करायची, तिच्या संमतीनेच पुढे जायचं. गोळ्या घ्यायच्या की नाहीत, कुणाशी बोलायचं, कुठे राहायचं हे ठरवताना तिचा शब्द मोजला जातो.

'मनोसामाजिक दिव्यांगत्व' हा शब्द कशासाठी?

भार्गवी दावर आणि त्यांचे सहकारी 'मनोरुग्ण' हा शब्द टाळत. त्याऐवजी ते 'मनोसामाजिक दिव्यांगत्व' म्हणत.

फरक काय? व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाचं उदाहरण घेऊ. त्याला बँकेत जाता येत नाही, कारण बँकेला रॅम्प नाही. म्हणजे अडथळा फक्त पायांत नाही, पायऱ्यांतही आहे. तसंच मानसिक त्रास असलेल्या माणसाला घर भाड्याने मिळत नाही, नोकरी टिकत नाही, त्याच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. हे अडथळे समाजाने उभे केलेले आहेत. 'मनो' सोबत 'सामाजिक' आलं ते यासाठी.

'दिव्यांग' हा शब्द आज सरकारी कामकाजात रूढ आहे. मात्र अनेक अपंग कार्यकर्त्यांना तो पटत नाही. आम्हाला दैवी काही नको, बरोबरीचा हक्क हवा, असं त्यांचं म्हणणं असतं.

पुण्यासाठी हा मुद्दा इतका महत्त्वाचा का?

कारण येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथेच आहे. शतकाहून जुन्या या रुग्णालयाची मंजूर क्षमता २,५४० खाटांची आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. पुण्यात 'येरवड्याला पाठवू' हे वाक्य चेष्टेतही वापरलं जातं आणि धमकी म्हणूनही.

महाराष्ट्रात आणि देशभरात एक जुनी अडचण आहे. माणूस बरा होतो, डॉक्टर घरी सोडायला तयार असतात, पण न्यायला कुणी येत नाही. पत्ता चुकीचा दिलेला असतो किंवा घरचे नको म्हणतात. मग तो माणूस वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

अशा लोकांना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलवण्याचा मार्ग महाराष्ट्रात वापरला गेला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ताबडतोब थांबवायला सांगितलं. एका बंद दारातून काढून दुसऱ्या बंद दाराआड ठेवणं म्हणजे पुनर्वसन नव्हे.

बंद दाराआड काय होऊ शकतं, हे देशाने ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिलं. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका आश्रयगृहाला आग लागली. तिथे राहणाऱ्यांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. २८ जणांचा मृत्यू झाला.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्यातलं कलम १९ स्वतंत्र जगण्याबद्दल आहे. कुठे राहायचं आणि कुणासोबत राहायचं हे निवडण्याचा हक्क अपंग व्यक्तीला इतरांइतकाच आहे, असं ते सांगतं.

या करारानुसार भारतात दोन कायदे आले.

पहिला, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६. तो एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार हा त्यातला एक. कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देतं. कलम १३ नुसार दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे पैशाचे व्यवहार पाहण्याचा हक्क आहे. आधार देणाऱ्या माणसाचा एखाद्या व्यवहारात स्वतःचा फायदा गुंतला असेल, तर त्या व्यवहारात त्याने आधार देण्यापासून दूर राहायचं आहे. भावाच्या नावावर घर करून घेण्यासाठी 'वेडी' ठरवलेल्या बहिणीचा विचार केला, की या तरतुदीचं महत्त्व कळतं.

दुसरा, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. तो मे २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत:

• घरचे स्वीकारत नाहीत, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्या कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही (कलम १९). अशांसाठी सामूहिक घरं आणि हाफवे होम यांसारख्या सोयी उभ्या करणं ही सरकारची जबाबदारी आहे.

• एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, म्हणून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही (कलम ४).

• पुढे कधी मानसिक आजार झाला तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं (कलम ५). त्यासाठी आधी आजार झालेला असणं गरजेचं नाही. तातडीच्या उपचारांना मात्र हे लागू होत नाही.

• कुणालाही साखळीने बांधायला आणि भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी आहे (कलम ९५).

मग वाद कशावर आहे?

याच कायद्याचं कलम ८९ काही अटींवर व्यक्तीच्या संमतीशिवाय तिला ३० दिवसांपर्यंत दाखल करायला परवानगी देतं. स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, किंवा ती स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, तर असं करता येतं.

भार्गवी दावर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचा याला विरोध राहिला. संमतीशिवाय उपचार म्हणजे हक्कांचा भंग, अशी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीचीही भूमिका आहे. हृदयविकाराच्या रुग्णाला कुणी बळजबरीने कोंडत नाही, मग इथेच वेगळा नियम का, हा त्यांचा सवाल.

दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. अनेक मनोविकारतज्ज्ञ म्हणतात की तीव्र अवस्थेत माणसाला स्वतःचा धोका ओळखता येत नाही आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. रात्र रात्र जागणाऱ्या, मार खाणाऱ्या, मुलगा घर सोडून जाईल या भीतीने दारात झोपणाऱ्या आईलाही हा विरोध परवडणारा वाटत नाही.

या वादाला सोपं उत्तर नाही. पण एका गोष्टीवर दोन्ही बाजू बऱ्याच अंशी सहमत होतील. वस्तीत वेळेवर आधार मिळाला, तर बळजबरीची वेळ येण्याचे प्रसंग कमी होतात. आणि तो आधार आज अपुरा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते.

हे फक्त पुण्यापुरतं आहे का?

नाही. भार्गवी दावर यांच्या पुढाकाराने आशियातल्या मनोसामाजिक दिव्यांग व्यक्तींचं एक जाळं उभं राहिलं. टीसीआय या नावाने ते ओळखलं जातं. २०१८ मध्ये या जाळ्याने 'बाली जाहीरनामा' मांडला. चर्चा फक्त उपचारांभोवती न ठेवता घर, काम, शिक्षण आणि समाजातल्या सहभागावर आणा, असं त्याचं सांगणं आहे.

महाराष्ट्रात शारीरिक अपंगत्वाबाबतही अशी उदाहरणं आहेत. तरुण वयात कमरेखाली अपंगत्व आलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यातून अनेक अपंग मुलामुलींना वसतिगृह, शिक्षण आणि रोजगार मिळाला.

लेखिका सोनाली नवांगुळ याच संस्थेत काही वर्षं राहिल्या. नंतर त्यांनी संस्थेबाहेर पडून कोल्हापुरात स्वतःच्या घरात स्वतंत्र राहायचं ठरवलं. व्हीलचेअर वापरणाऱ्या सोनाली यांना 'मध्यरात्रीनंतरचे तास' या अनुवादासाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. संस्था गरजेची असते, पण तिथून स्वतःच्या घराकडे जाणारी वाटही हवी, हे त्यांच्या प्रवासातून दिसतं.

आपण काय करू शकतो?

ओळखीतल्या कुणाला त्रास होत असेल, तर आधी त्याच्याशी बोला. त्याच्याबद्दल इतरांशी नंतर. "तुला काय मदत हवीय?" असं विचारा आणि उत्तर ऐकून घ्या.

'टेलीमानस' ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास उपलब्ध आहे. तिथे मराठीतूनही बोलता येतं.

मानसिक आजारामुळे दिव्यांगत्व आलं असेल, तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. हक्क डावलले जात असतील, तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे दाद मागता येते.

तुम्ही सोसायटीच्या कमिटीवर असाल, तर मानसिक आजाराचं कारण देऊन कुणाला घर नाकारू नका. आणि ग्रुपवर 'येरवडा'वाला विनोद आला, तर तो पुढे पाठवण्याआधी थांबा. त्याच ग्रुपमध्ये असा त्रास सोसणारं कुणीतरी असू शकतं आणि तो विनोद वाचून ते मदत मागायचं टाळू शकतं.